चौथी टिपरी

एकदा एक तरुण आई आपली जुनी, उघड्या टपाची गाडी घेऊन घाटाच्या पायथ्याशी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आली. कडेवर आठ महिन्यांचं बाळ, चेहऱ्यावर अपराधी भाव. ती गाडी वळणांवर अशी काही लवून वळे की बाळ खदखदून हसे, आणि तिलाही क्षणभर सगळ्या काळज्यांचा विसर पडे. मात्र गाडी कधी थांबेल याचा नेम नसे, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकला की घरात शांतता पसरे. हे दुसरं लेकरूच आहे, सासूबाई म्हणत, फक्त हे मोठं होऊन कमवायचं नाही.

आदल्या दिवशी गाडी पुन्हा घाटात थांबली होती. आज संध्याकाळी ती विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं.

वृद्धाने आणि त्याच्या शिष्येने दुपारपर्यंत गाडी नीट केली. तरी आई तिथेच घुटमळत राहिली.

"आजोबा, विकून टाकू का? खरं सांगू, गाडीपेक्षा माझाच भरवसा वाटत नाही. चालवताना सारखी घाबरलेली असते, गाणंसुद्धा लावत नाही. अशा बाईनं बाळाला घेऊन घाट चढावा का?"

वृद्धाने तिला पाणी प्यायला आत पाठवलं, बॉनेट उघडलं आणि चार प्लगांपैकी एकाची वायर किंचित सैल केली. शिष्या अवाक झाली. सकाळपासून जीव ओतून सुधारलेलं इंजिन गुरू स्वतःच्या हाताने बिघडवत होते.

आई बाहेर आल्यावर वृद्ध म्हणाला की बाळ इथंच राहू दे, पहिल्या वळणापर्यंत जाऊन या.

गाडी निघाली. शिष्येने कान टवकारले. तिला काहीच वावगं ऐकू आलं नाही. पण वळण येण्याआधीच गाडी परत फिरली.

"आजोबा, काहीतरी राहिलंय. इंजिनात जणू चौघींच्या टिपऱ्या तालात पडताहेत, आणि मधेच एकीची चुकतेय. का मलाच उगाच वाटतंय?"

वृद्धाने विचारलं, काल गाडी कुठे थांबली होती? वळणाच्या अलीकडे, मोकळ्या जागेत. त्याआधी? शाळेच्या फाटकाशी. त्याआधी पिंपळाखाली. दर वेळी धोक्याबाहेरची जागा मिळाली, नशीबच म्हणायचं, ती म्हणाली.

"नशीब नव्हे, बाई. आवाज बदलला की गाडी थांबण्याआधी तुम्हीच ती बाजूला घेता. ही मुलगी दोन वर्षं माझ्याकडे शिकते आहे. तिलाही ती टिपरी ऐकू आली नाही. तुम्ही जिला भीती म्हणता, ते तुमचे उघडे कान आहेत. गाडी भरवशाची नाही, आणि ते माझ्या हातात नाही. चालवणारी भरवशाची आहे."

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं बोट, तिच्याही नकळत, शिष्येच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाच्या नाकाशी गेलं, श्वास लागताच मागे आलं. शिष्येने ते पाहिलं. बाळ आईकडे देऊन तिने वायर घट्ट केली.

गिऱ्हाइकाला तिथूनच नको म्हणून कळवलं गेलं. गाडी घाट चढू लागली. शेवटच्या वळणाआड आवाज विरेपर्यंत शिष्या डोळे मिटून उभी होती. चारही टिपऱ्या तिला आज प्रथमच वेगवेगळ्या ऐकू आल्या.

झोपलेल्या बाळाचा श्वास पुन्हापुन्हा तपासणाऱ्यांनी स्वतःला इतकंही हसू नये.