सरकार ध्यानाला बसतात

भिवगिरीचे सरकार स्वतःला कधी 'मी' म्हणत नसत. शिंक आली तरी म्हणायचे, "आम्हाला शिंक आली," जणू सगळं संस्थान मिळून शिंकलं!

अशा सरकारांना आत्मज्ञानाची हौस आली. मठातल्या म्हाताऱ्या यमुनाक्कांनी त्यांना साधना सांगितली, "डोळे मिटायचे आणि आत विचारायचं, मी कोण?" सरकार महिनाभर रेशमी गादीवर बसले. गुडघे धरले, पण उत्तर काही येईना. शेवटी चिडून त्यांनी अक्कांना दरबारात बोलावलं.

"तुमची विद्या खोटी आहे. उद्यापासून मठात आमचे घोडे बांधले जातील!"

दरबारी खाली बघू लागले. अक्का मात्र शांतपणे म्हणाल्या, "बांधा. पण आधी सांगा, आपण आत नेमकं काय विचारता?"

"आम्ही कोण आहोत, हेच!"

"मग उत्तर कसं येणार, सरकार? मी एकाला हाक मारायला सांगितलं होतं. आपण गर्दीला हाका मारताय. गर्दीतून ओ कोण देणार?"

सरकार ताडकन उठले. "गर्दी? आम्हाला गर्दी म्हणता? मी आजच घोडे बांधतो, आत्ताच्या आत्ता!"

अक्कांनी टाळी वाजवली. "आला! महिनाभर दडून बसलेला बाहेर आला! आता सोडू नका त्याला. विचारा, बाबा रे, तू कोण?"

"मी?" सरकार स्वतःशीच पुटपुटले. मग हळूहळू त्यांना हसू फुटलं.

"बसा अक्का, दमला असाल," ते म्हणाले. "आम्ही पाणी..." आणि अडखळले.

"मी आणतो पाणी."