पुन्हा आलेली मळी

नदीकाठच्या एका गावात ईरबा नावाचा गुळव्या राहत होता. उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्या मोठ्या कढईत, उकळून त्याचा गूळ करायचा, ही त्याची विद्या. थेंबभर पाक गार पाण्यात टाकून तो दोन बोटांनी चाचपायचा आणि काहील कधी उतरवायची ते सांगायचा. त्याचा अंदाज कधी चुकत नसे. माणूस लाखमोलाचा. पण दिवस मावळला की त्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळत आणि सगळ्या विद्येची माती होई.

गेल्या हंगामात तो पिऊनच कामावर आला. काहील उतरवताना त्याचा तोल गेला आणि उकळता पाक रानोबाच्या पायावर सांडला. रानोबा म्हणजे गुऱ्हाळाचा मालक, शिवाय ईरबाचा लहानपणापासूनचा सोबती. पाय वाचला, पण रानोबा कायमचा लंगडा झाला. नवा हंगाम जवळ आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ईरबा, औंदा पिऊन आलास तर काहील दुसऱ्याच्या हाती जाईल."

ईरबाने बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली. मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. आणि गंमत अशी, की दर वेळी तो अगदी मनापासून बोलला होता. शपथ घेणारा मी आणि मोडणाराही मीच, मग यातला खरा ईरबा कोणता? त्याला काही केल्या उमजेना. बायकोने ताईत बांधला, मेव्हण्यांनी चोप दिला. दोन्हींचा उपयोग सारखाच झाला.

शेवटी तो जिनाप्पा वैद्याकडे गेला. "अण्णा, दारू सुटंल अशी एखादी जालीम मुळी द्या."

वैद्याने मुळी दिली नाही. त्याने विचारलं, "प्यावंसं वाटतं तेव्हा काय होतं?"

"रानोबाची किंकाळी कानात घुमती. मग पितो."

"नाही प्यालास तर?"

"मरंन की!"

"थांबून बघितलंस कधी?"

थांबून ईरबाने कधीच बघितलं नव्हतं. रानोबाचा पाय भाजला तो दारूमुळे, आणि आता दारू प्यायची ती त्या भाजलेल्या पायामुळे. हा गुंता सोडवायचा कुठून?

"शपथ घेऊ नको," वैद्य म्हणाला. "प्यावंसं वाटलं की इथं ओट्यावर येऊन बस. बोलावंसं वाटलं तर बोल."

हा कसला उपचार? ना काढा, ना पथ्य, ना शिव्या! तरी ईरबा जाऊ लागला. ओट्यावर बसून घामाघूम होई, काहीबाही बडबडे. एकदा तर ढसाढसा रडला. आणि नवल म्हणजे तडफड जशी चढे तशी उतरेही. तो मरत नसे.

हंगाम सुरू झाला. दिवस बरे चालले होते. पण एका बाजाराच्या दिवशी तो ओट्याऐवजी गुत्त्यात शिरला. कुणी पाहिलं नाही. सकाळी तो शुद्धीवर होता, पण मनातून पार खचला होता. केलं ते सगळं वाया गेलं. आता आजचं काम उरकायचं आणि मग पोटभर प्यायची, असं ठरवून तो काहिलीखालच्या चुलवाणापाशी उभा राहिला.

आदल्या संध्याकाळी ईरबा आला नाही, म्हणून वैद्य त्याला शोधत गुऱ्हाळावर आला. काहिलीत रस उकळत होता. वर रसातला मळ, काळी मळी, तरंगून आली. ईरबाने ती झाऱ्याने काढून टाकली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली.

"अरेरे, काढली तरी आलीच," वैद्य म्हणाला. "रस नासला वाटतं. ओतून दे."

ईरबा खवळला. "अण्णा, तुमचं औषध तुमच्यापाशी ठेवा! मळी एकदा काढून भागतंय व्हय? रस चांगला हाय. ती येईल तशी काढत ऱ्हायची. म्हणून काय कुणी काहील उलथी करतं…"

बोलता बोलता त्याला आपलेच शब्द ऐकू आले. झारा हातातच राहिला. वैद्य 'ओतून दे' हे मुद्दाम म्हणाला, की त्याला गुळातलं खरंच काही कळत नव्हतं, हे ईरबाला जन्मभर समजलं नाही.

तो तसाच रानोबापुढे जाऊन उभा राहिला. "रानोबा, तुझी किंकाळी अजून कानात घुमती. काल अण्णांच्या ओट्यावर जायचं सोडून मी प्यालो."

रानोबाने आपल्या पायाकडे पाहिलं. राग गिळायला त्याला वेळ लागला. "मग आज काहील उतरवताना लांब ऱ्हा," तो म्हणाला. "उद्याचं उद्या बघू."

त्या दिवशी काहील दुसऱ्यांनी उतरवली. ईरबा लाजेने मान खाली घालून बाजूला उभा होता. संध्याकाळी ती किंकाळी कानात घुमलीच. तो गुत्त्याच्या वळणावर बराच वेळ घोटाळला आणि मग ओट्याच्या वाटेला लागला. मागून कुणाची तरी लंगडती पावलं ऐकू आली.

"थांब, मीबी येतो," रानोबा म्हणाला. "ती किंकाळी माझीच हाय. मलाबी बोलायचंय."

तात्पर्य: व्यसन एका शपथेने सुटत नाही. पाय पुन्हा घसरला तर ते लपवू नये, सांगावं; आणि ऐकून घेणाऱ्यापाशी पुन्हा जाऊन बसावं.