ओरखडा नसलेली शाळा

"…मग मी काय खोटं बोलत होते का, आई? सांगा की! गावात एकानं तरी माझं खरं मानलं का?"

शालन बंडगर टेकडी चढून आली आणि बसायच्या आधीच सुरू झाली. दम पुरत नव्हता, पण राग पुरून उरत होता.

मठाच्या ओसरीवर मंजुळाआई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पाणी पी."

"पाणी नको. न्याय पायजे."

"रांजणात पाणीच हाय."

शालन पाणी प्याली.

शालन म्हणजे खालच्या गावची सरपंच. शिक्षण चौथी. हे ती स्वतःच आधी सांगून टाकायची, म्हणजे समोरच्याला टोमणा मारायला काही उरत नसे. मंजुळाआईंच्या हातून तिनं गळ्यात माळ घालून घेतली, त्याला बरीच वर्षं झाली. गावात ती कुणाचं ऐकत नव्हती. इथं ऐकायची. निदान ऐकायला म्हणून यायची.

ती ओसरीला टेकली आणि समोरच्या ढिगातल्या शेंगा उचलून फोडायला लागली. शेंगेनं तिचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे, अशी फोडत होती.

"उद्या ग्रामसभा हाय," ती म्हणाली. "शाळेची इमारत बेदाण्याच्या व्यापाऱ्याला गोदामाला द्यायची म्हणत्यात. आन् पोरं गाडीत कोंबून हायवेवरच्या शाळेत धाडायची. माझी शाळा, आई! बेदाण्याला!"

"तुझी?"

"मग कुणाची? तो इंजिनिअर काय नकाशा घेऊन आलता? एका ओळीत खोल्या आन् पुढं व्हरांडा. कोंबड्यांची शेड तरी बरी. मी म्हटलं, बाबा रे, ही पोरं मोठी होऊन काय कामं करतील ते तुला ठाऊक हाय का? मला तर न्हाई. मग खोली अशी बांध की तिच्यात काय बी करता आलं पायजे. तर हसला मेला! म्हणतो कसा, 'सरपंचबाई, शाळा शाळेसारखीच बांधायची असती.'"

हे सगळं खरं होतं. त्यात शालननं मीठमिरची लावलेली नव्हती.

गावातल्या चार बायका घेऊन ती एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यातली एक शाळा बघून आली होती. आल्यावर तिनं काय करावं? पोतंभर चुन्याची फक्की मागवली आणि माळावर अख्खी शाळा आखली. कागदावरची नव्हे, खऱ्या मापाची. मग इंजिनिअरला त्या पांढऱ्या रेघांतून चालायला लावलं.

"हे दार. भिंतीवरनं नको, दारातनं ये! इथनं उजेड. ही भिंत पोरांनी लिहायची, हिला कुणी तसबिरी टांगायच्या न्हाईत. टेबलांना चाकं, वाटलं तर गोल करा, वाटलं तर ढकला बाजूला. पुस्तकांच्या फळ्या हितपर्यंत, पोरांचा हात जाईल तिथवर."

आणि मधोमध एक मोठी खोली. तिला नाव तिनंच दिलं, 'करून बघा'. हातोडी, पक्कड, भिंगं, तारा, छोट्या मोटारी, संगणक. वर छपरावर सोलर.

इंजिनिअर निम्म्या शाळेत येईस्तोवर हसायचा थांबला होता.

मग तालुक्याला खेटे, जिल्ह्याला खेटे. एक भिंत तिरकी दिसली म्हणून गवंड्याला ती पाडून परत बांधायला लावली. शाळा उभी राहिली. बघत राहावी अशी.

"आन् आता म्हणत्यात," शालन म्हणाली, "बाईनं देऊळ बांधलं, पोरांना येत काय न्हाई. परवा तालुक्याच्या मेळाव्यात पोरांपुढं बॅटरी ठेवली, तारा ठेवल्या, दिवा ठेवला. लावा म्हणाले. पत्र्याच्या शाळेतल्या पोरांनी लावला, आई! आमची पोरं हाताची घडी घालून बघत बसली. सगळ्या गावानं बघितलं. तिथंच माझी मान खाली गेली."

"हाताची घडी…"

"घडी! मास्तरानं शिकवलं न्हाई, दुसरं काय?"

मंजुळाआईंनी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"शाळा कशी हाय आता?"

शालनचा चेहरा एकदम उजळला. "या की एकदा बघायला! वर्ष उलटलं बांधून, कुणाला खरं वाटायचं न्हाई. भिंतीवर एक ओरखडा न्हाई. टेबल जसंच्या तसं. संगणकावरचा प्लॅस्टिकचा कागदसुदीक निघालेला न्हाई!"

"एक बी ओरखडा न्हाई?"

"एक बी!"

"लिहायच्या भिंतीवर?"

"तिच्यावर बी न्हाई! मी दिवाळीपर्यंत थांबा म्हटलंय, रंग नवा हाय. रोज सकाळी जाऊन उभी राहते. दारात पोरांचे पाय धुऊन घेते, हात बघते, मग आत. आन् 'करून बघा'ची किल्ली मी मास्तराकडं ठेवतच न्हाई." तिनं कमरेचा जुडगा खुळखुळवला. "हितं असती. मास्तर मऊ हाय. पोरं त्याला गुंडाळत्यात."

मंजुळाआईंनी एक शेंग फोडली. पोचट निघाली. त्यांनी ती टरफलात टाकली.

"माझ्याकडं काय म्हणून आलीस?"

शालन पुढं सरकली. आवाज खाली आला. आता ती सरपंच नव्हती.

"उद्या तुम्ही खाली या. कित्येक वर्षांत टेकडी उतरला न्हाईसा, ठाऊक हाय मला. पण तुमच्या तोंडचा शब्द गाव मोडायचं न्हाई. सभेत एकच नाव घ्या. ज्याच्यामुळं ह्या शाळेचं वाटोळं झालं, त्याचं. त्याला बाजूला करू, आन् शाळा राहील. न्हाईतर परवा तिथं क्रेट उतरत्यात, आई. माझ्या डोळ्यांदेखत."

"नाव घेऊ?"

"घ्या."

"कुणाचं बी असलं तरी?"

"माझ्या सख्ख्या भावाचं असू द्या! मी त्याला बी सोडायची न्हाई."

"…येते."

शालन बघतच राहिली. इतक्या पटकन होकार येईल असं तिला वाटलं नव्हतं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की जसं होतं, तसं तिला झालं.

"मास्तराचं घेणार ना?"

मंजुळाआईंनी फोडलेले दाणे सुपात घेतले.

"मग इंजिनिअरचं?"

त्यांनी सुपातली टरफलं फुंकून उडवली.

"का आईबापांचं? घरी अभ्यास घेत न्हाईत, ते बी खरं हाय…"

"पोरं खेळत्यात बघ," मंजुळाआई म्हणाल्या.

मठाच्या अंगणात पोरांचा कालवा चालला होता. शाळा सुटली की ती सगळी इथं चढून येत. शालननं तिकडं बघितलं आणि तिचं लक्ष आधी भिंतीवर गेलं. मठाची अख्खी भिंत कोळशानं काळी झाली होती. आगगाडी, विहिरीवरची मोटार, तिचं उघडलेलं पोट, बाणांवर बाण.

"आई! भिंत नासवली की ओ पोरांनी!"

"व्हय. पार नासवली." मंजुळाआईंनी सूप पाखडलं. "जा, खेळ जा."

"कोण, मी?"

"तू."

"आई, उद्या सभा हाय."

"म्हणून तर."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर शालननं त्याचा उद्धार केला असता. पण माळ ह्यांच्या हातची होती. तिनं पदर खोचला आणि अंगणात उतरली.

पोरं चिडीचूप झाली. एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याचं तोंड दुसऱ्यानं दाबलं.

"कसला खेळ रं?"

शेवटी काजल पुढं आली. मेंढक्याची पोर, टीचभर, पण धीट. कमरेला तिनं सुतळीत ओवून पत्र्याची झाकणं बांधली होती. हलली की वाजायची.

"तो दगड हाय न्हवं, काकी? त्याला हात लावायचा. मी राखणार."

"बस्स?"

"बस्स. पण लावता येत न्हाई कुणाला."

"आम्हाला येतो का न्हाई बघ," म्हणत शालन निघाली.

"थांब!" काजल अशी ओरडली की झाडावरची पाखरं उडाली. एक हात कमरेवर, मान ताठ. "पाय!"

"काय?"

"पाय धुतलं का?"

पोरं तोंडं लपवून हसत होती. शालननं रांजणापाशी जाऊन पाय धुतले. खेळायचं तर नीट खेळायचं, हा तिचा स्वभाव.

"हात दाखव!"

दाखवले.

"हे काय हाय? माती! शेंगाच्या टरफलाची माती! आन् तशीच हात लावायला आलीस? बाद!"

"अगं, धुऊन येते की…"

"उलट बोलायचं न्हाई! भिताडाला टेकायचं न्हाई! त्या कोपऱ्यात बस. घडी घाल. तोंडावर बोट."

आणि गावची सरपंच कोपऱ्यात जाऊन तोंडावर बोट ठेवून बसली.

एकेक पोर येत गेलं. कुणाच्या पायाला धूळ, कुणाचं नाक वाहतंय, कुणी नुसताच मोठ्यानं हसला. सगळी बाद. कोपरा भरला. अंगणात काजल तेवढी उभी राहिली, आणि तिच्या मागं दगड. त्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं.

शालननं शेजारच्या पोराला बोटाआडून विचारलं, "ह्यात कोण जिंकतं रं?"

"कुणीच न्हाई."

"मग खेळता कशाला?"

"खेळत कुठं हाय, काकी? घंटा हुईस्तवर बसायचं असतं."

शालनला आत कुठंतरी बारीक कुसळ टोचलं. ते तिनं झटकलं. तिला झटकायचं तेवढं येत होतं. ती तटकन उठली.

"ही कसली गं राखण? दगड हाय तो दगड! पोरांच्या हातानं झिजणार हाय का? हात लावायचा न्हाई तर मांडलाय कशाला मधी?"

उठताना तिच्या कमरेचा जुडगा वाजला.

दचकून काजल दोन पावलं मागं सरली. तिच्या कमरेची झाकणं वाजली.

…आवाज एकच होता.

पोरं हसायची थांबली. सगळी शालनच्या कमरेकडं बघत होती. काजलनं हळूच झाकणं मुठीत धरली, आणि तिची नजर जमिनीला लागली.



शालन ओसरीपाशी परत आली. चालताना तिनंही जुडगा मुठीत घट्ट धरला होता, वाजू नये म्हणून. ती बसली नाही.

मंजुळाआईंनी सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि उठल्या.

"चल. आत्ताच निघू. उताराला मला वेळ लागतो."

"आई…"

"बोल."

"ती पोर… कुणाचं सोंग घेती?"

मंजुळाआई एक पायरी उतरल्या. मग दुसरी.

"आन् उद्या… सभेत…" शालनचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "नाव मास्तराचंच घेणार न्हवं?"

मंजुळाआई काठीवर भार देऊन थांबल्या. खाली गाव दिसत होतं, आणि गावाच्या कडेला, उन्हात चकचकणारं, शाळेचं नवं छप्पर.

"एकच नाव सांग म्हणालीस, बाय. तुझ्या दोन्ही प्रश्नांना तेवढं एकच पुरतंय… शालन बंडगर."