झिजलेली साखळी आणि झेंडूचा हार

यंत्रांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. एका गोदामात एक जुना फोर्कलिफ्ट होता. पोती उचलायची त्याची साखळी पार झिजली होती. खंडेनवमीला मुकादम रंगराव झेंडूचा हार घेऊन त्याच्यापुढे आला.

“हार कसला घालतोस?” फोर्कलिफ्ट खेकसला. “सहा महिने ओरडतोय, साखळी बदल, साखळी बदल. तेव्हा कानात बोळे घालून बसला होतास!”

“सणासुदीला असं बोलू नये. नारळ फोडतो, देव सांभाळेल,” रंगरावाने हात जोडले.

“असं? मग मी पोती उचलतो, तू खाली उभा राहा.”

रंगराव झटकन दोन पावलं मागे सरला.

“का रे, घाबरलास?” फोर्कलिफ्ट कडाडला. “तिथे रोज सुपडू हमाल उभा असतो!”