अटळ

एकदा एका सीमेवरच्या राज्यात घडलेली ही गोष्ट. विश्वंभर हा तिथल्या दरबारातला लेखनिक. राजाज्ञांचे मसुदे तोच लिहीत असे. दोन वर्षे प्रत्येक मसुद्यात एक वाक्य ठरलेले होते, ‘शेजारी राज्याशी युद्ध अटळ आहे.’ दवंडीने ते गावोगाव पोचले. सीमेवरच्या नदीपलीकडच्या सोयरिकी मोडल्या, नावाडी रिकामे बसले, आणि पलीकडच्या तीरावरही तटबंदी उठू लागली.

एका सकाळी विश्वंभराचे वृद्ध आचार्य त्याच्या घरी आले. त्यांनी त्याचा वीस वर्षांचा मुलगा श्रीरंग याला समोर उभे केले, सुतळीने त्याची उंची मोजली आणि ते सोबतच्या गड्यांकडून अंगणात लाकडे रचून घेऊ लागले. ती रचना चितेची होती. श्रीरंगाची आई दारातून धावत येऊन मुलाला बिलगली.

विश्वंभराने गुरूंपुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तो चढला.

“आचार्य, हे काय आरंभलंत? माझा मुलगा जिवंत आहे.”

“आहे. पण युद्ध अटळ आहे, असं तूच लिहितोस. याला सैन्यात बोलावणं येणारच. मग लाकडं आत्ताच रचलेली काय वाईट?”

“याचं मरण काही ठरलेलं नाही.”

“मग इतरांच्या मुलांचं कसं ठरलं?”

विश्वंभर पुढे होऊन लाकडे उतरवू लागला. आचार्य शांतपणे म्हणाले, “म्हातारपण येतं, त्याला अटळ म्हणावं. युद्ध आपण होऊन येत नाही, बाबा. ते माणसं आणतात. अटळ म्हटलं की आणणाऱ्याचं नाव पुसलं जातं, आणि टाळू पाहणारा वेडा ठरतो.”

दुसऱ्या दिवशी विश्वंभराने मसुद्यातून ते वाक्य गाळले. प्रधानांनी कारण विचारले, तेव्हा यापुढे आपण ते लिहिणार नाही, असे त्याने सांगितले. त्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा लेखनिक बसला. वाक्य तेच राहिले.

पुढच्या आश्विनात सैन्य नदी ओलांडून गेले. श्रीरंग पहिल्याच लढाईत पडला.

त्यानंतर चावडीसमोर नवी दवंडी पिटली गेली, ‘हे होणार, असे आम्ही आधीच सांगितले होते.’ लोकांनी जड मनाने माना डोलावल्या. खरेच होते ते, असे सर्वांना वाटले.

गर्दीत मागे विश्वंभर उभा होता. आपल्या हाताने ते वाक्य किती वेळा लिहिले, हे तो आठवू पाहत होता. त्याला आठवेना.