सरबताला उशीर का झाला

फार फार पूर्वी दोन शहरांच्या मधल्या माळावर एक सराई होती. तिचा मालक यासीनमियाँ मोठा भाविक. रमजान आला की येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंचे रोजे तो फुकट सोडवायचा. खजूर, सरबत, गरम खिचडा, कशात म्हणून कसर नाही! रोजेदाराला खाऊ घातलं की मोठं पुण्य लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण त्या वर्षी त्याच्या जिवाला चैन पडेना. नमाजात मन लागेना, घास गोड लागेना. "कुठंतरी काहीतरी चुकतंय गं," तो बायकोला म्हणायचा.

"मग शोधा की! मला काय विचारता?" ती म्हणायची.

अशात एक बडा सौदागर उंटांचा तांडा घेऊन उतरला. हा खूश झाला तर याचे सगळे तांडे इथंच थांबणार, सराईचं नशीबच उघडणार! यासीनमियाँची नुसती धांदल उडाली. सांजेची अजान झाली, पाहुण्यांनी खजूर तोंडात टाकला, पण सरबत काही येईना. सौदागराच्या कपाळावर आठी पडली. यासीनमियाँ तणतणत भटारखान्यात शिरला.

"मुनीर, झोपलास की काय?"

आचारी मुनीर चुलीपुढे उभा होता. ओठ सुकून पांढरे पडलेले, हात थरथरत होते, निम्मं सरबत सांडलं होतं. वाढपी भिंतीला टेकले होते.

"अरे, तुझा रोजा अजून सुटला नाही?"

"हात रिकामा झाला की सोडतो ना मालक, दरवर्षीसारखा," मुनीर म्हणाला.

यासीनमियाँला आता उमगलं, काय चुकत होतं ते. या अल्ला! जगाचे रोजे सोडवतोय आणि घरचीच माणसं तहानलेली! आपण खावं तेच नोकराला द्यावं, झेपेल तेवढंच काम सांगावं, जड झालं तर स्वतः हात लावावा, ही पैगंबरांची शिकवण त्याला तोंडपाठ होती. नुसती तोंडपाठच! त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने मुनीरच्या हातातून भांडं काढून घेतलं. "चला सगळे, दस्तरखानावर पाहुण्यांच्या पंगतीला बसा. आज वाढायला मी."

सौदागर भडकला. "नोकर आमच्या पंगतीला? आणि आम्ही वाट बघायची? उठवा रे उंट!"

सोन्यासारखं गिऱ्हाईक हातचं चाललं होतं. तरी यासीनमियाँ म्हणाला, "आधी यांचा रोजा शेठ, मग तुमचं सरबत."

सौदागर तरातरा अंगणात गेला. पण उंट उठवणार कोण? दिवसभर उन्हात चाललेले उंटवालेही रोजेदारच होते, आणि तेही बाहेर शेठच्या उष्ट्यापाष्ट्याची वाट बघत बसले होते. त्यांनी हात धुतले आणि सरळ आत येऊन मुनीरच्या ओळीत बसले.

अंगणात सौदागर एकटाच उरला. खिचड्याचा वास सुटला होता, पोटात कावळे ओरडत होते. शेवटी मुकाट्याने आत आला. जागा उरली होती ती मुनीरच्या शेजारी. मुनीर सरकला.

"बसा शेठ," तो म्हणाला. "मालक वाढतायत. थोडं सांडतं त्यांच्या हातून, पण घ्या सांभाळून."

तात्पर्य: परक्याला जेवू घालून पुण्य जोडायला निघण्याआधी आपल्याच चुलीपाशी उपाशी कोण उभं आहे, ते बघावं.