नवाबांचा पोपट गप्प राहिला

जनावरं माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एक संस्थान खालसा झालं आणि मुनव्वरयार नवाबांच्या देवडीतले, त्या जुन्या वाड्यातले, नोकर एकेक करून पांगले. मागे राहिले नवाब, त्यांची म्हातारी घोडी आणि पोपट. दारात कोणीही आलं, की पोपट ललकारी देई, "बाअदब! नवाबसाहेब येत आहेत!"

एका दुपारी नव्या सरकारचे बंदूकवाले शिपाई फाटकाशी आले. घोडी पोपटाजवळ सरकली.

"बाबा रे, आज तोंड उघडू नकोस," ती पोपटाला म्हणाली. "पलीकडच्या जहागीरदारांना असंच नाव विचारलं आणि धरून नेलं."

पोपटाने चोच पंखात खुपसली.

"आजोबा, इथले मालक कोण?" शिपायाने विचारलं.

नवाब म्हणाले, "मालक निघून गेले. मी माळी."

"मग माळीबुवा, पाणी तेवढं पाजा. ऊन फार आहे."

नवाबांनी घागर वाकवली. शिपाई ओंजळीने पाणी प्यायले, राम राम करून वाटेला लागले.

पोपटाने हळूच विचारलं, "हुजूर, आता ललकारी देऊ?"

नवाबांनी फाटकाला कडी घातली.

"कोणाच्या नावाने देणार?" ते म्हणाले.